शेकड्यामागचे पाच पुडे

मे महिन्यात चिचगड परिसरातल्या गावांचा दिवस पहाटे तीन-चारलाच उजाडतो. घरातली सगळी माणसं, पोराबाळांसकट, अंधारातच जंगल गाठतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूच्या झुडपांची कटाई झालेली असते. त्या खुंटांना फुटलेली नवी पानं आता तोडणीला आलेली असतात. ऊन चढायच्या आत पानं तोडायची, कापडात गाठोडी बांधून डोक्यावरून घरी आणायची आणि मग सगळ्यांनी ओसरीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात सत्तर पानं. थोडी उलटी, थोडी सुलटी अशी पानं एकमेकांवर रचायची, झाडाच्या सालीच्या वाकाने आवळून गाठ मारायची आणि पुडा बाजूला टाकायचा. बोटांना सवय असली की मोजणी तोंडाने करावी लागत नाही. संध्याकाळ व्हायच्या सुमारास डोक्यावर पुड्यांची ओझी घेतलेली बायामाणसं फळीकडे निघतात.

फळी म्हणजे तेंदूपत्ता संकलनाचं मैदान. तिथे पुडे जमिनीवर रांगेने मांडायचे. फळी मुन्शी किंवा त्याचा चेकर रांगांवरून फिरतो, काठीने एखादा पुडा उलटवतो, बारीक किंवा फाटकी पानं दिसली तर तो बाजूला फेकतो आणि संकलन करणाऱ्याच्या कार्डावर आकडा टाकतो. पुढे आठवडाभर पुडे उन्हात वाळतात, त्यांची पलटाई होते, पाणी शिंपडून ते मऊ केले जातात आणि मग बोरा भराई. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. सत्तर हजार पानं.

या व्यवहारात दोन जागा अशा आहेत, की तिथे माणसावर विसंबण्यावाचून गत्यंतर नसतं. पुडा सोडून त्यातली सत्तर पानं कुणी मोजत नाही. मधली पाच पानं कमी असली तरी बाहेरून दिसत नाही. आणि मुन्शीने कार्डावर जो आकडा टाकला तो बरोबर आहे की नाही, हे ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला पडताळता येत नाही. एक जागा पानं तोडणाऱ्याच्या हातात, दुसरी पेन्सिल धरणाऱ्याच्या. माणूस प्रामाणिक राहतो तो स्वभावाने, की मोहाची संधी मिळाली नाही म्हणून, हा जुना प्रश्न या दोन जागांवर जितका स्पष्ट दिसतो तितका नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांतही दिसत नाही. चिचगडच्या जंगलाने तो निदान दीडशे वर्षं पाहिला आहे. त्यात उलटतपासणी मात्र बहुतेक वेळा एकाच बाजूची झाली.

चिचगड आज गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्याचा. इंग्रजी अमलात चिचगड ही मध्य प्रांतातली एक जुनी जमीनदारी होती, दोनशेहून अधिक चौरस मैलांची. जमीनदार घराणं हलबा. मुलूख बहुतेक डोंगर आणि जंगल, नांगराखालची जमीन अगदी थोडी, वस्ती गोंड, हलबा आणि इतर शेतकरी-कारागीर जातींची. अशा जमीनदाऱ्यांनी सरकारला टाकोळी, म्हणजे ठरावीक सारा, भरायची, आपल्या हद्दीत बंदोबस्त राखायचा आणि जंगल-महसुलाचा उपभोग घ्यायचा, अशी साधारण व्यवस्था होती. रयतेचं सरकार म्हणजे जमीनदाराचा कारभारी. रेल्वेच्या गावांपासून लांब, जंगलाच्या पोटात असलेल्या या टापूत परका माणूस यायचा तो व्यापारी म्हणून, नाहीतर अंमलदार म्हणून.

आणि अशा जंगली मुलखांत आलेल्या बऱ्याच परक्यांनी परत जाऊन एकच गोष्ट लिहून ठेवली: इथली माणसं खोटं बोलत नाहीत.

त्यांतला सर्वांत लक्ष देऊन वाचावा असा साक्षीदार म्हणजे विल्यम स्लीमन. ठगांच्या बंदोबस्तासाठी त्याचं नाव गाजलं, पण त्याआधी आणि नंतरही त्याने नर्मदेच्या खोऱ्यात, नरसिंहपूर आणि जबलपूर भागात, अनेक वर्षं दिवाणी-फौजदारी कारभार पाहिला. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात खरेपणावर एक मोठं प्रकरण आहे. हिंदी माणूस खोटारडा, हे त्याच्या काळच्या साहेबांचं ठरलेलं मत. स्लीमनने ते मान्य केलं नाही. त्याचं निरीक्षण असं, की गावातला माणूस गावात खोटं बोलत नाही. तोच माणूस लांबच्या कचेरीत, परक्या हाकिमापुढे उभा राहिला की बोलतो. गावात पिंपळाखाली पंचायत बसते. साक्ष देणारा पिंपळाचं पान हातात घेतो, मी खोटं बोललो तर या पानासारखा देव मला किंवा माझ्या माणसांना चुरगळो असं म्हणतो, पान चुरगळतो आणि मग काय ते सांगतो. जंगलातल्या जमातींमध्ये पिंपळाच्या जागी काटेसावर. तिथला देव अधिक कडक, कारण त्याचा अंमल तेवढ्याच टापूपुरता. त्याला दुसरीकडे कुठे लक्ष द्यायचं नसतं, हे स्लीमनने दिलेलं कारण आहे.

कचेरीत मात्र झाड नाही, शेजारी नाही. तिथे खोटं बोललं तर ज्यांच्यात उद्यापासून राहायचं आहे त्यांच्या नजरेतून माणूस उतरत नाही. म्हणजे स्लीमनच्या मते खरेपणाचं मूळ माणसाच्या रक्तात शोधण्याऐवजी तो कुणासमोर उभा आहे, यात शोधायला हवं. त्याच्या काळच्या अंमलदाराच्या मानाने ही मोठी समज होती.

पण त्याच स्लीमनने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, आणि ती या समजुतीला पुरती धरून नाही. एका खोट्या वाक्यावर ज्यांची मालमत्ता, सुटका, प्रसंगी जीवही वाचला असता अशा शेकडो माणसांचे खटले आपल्यापुढे चालले आणि त्यांनी खोटं बोलायचं नाकारलं, असं तो सांगतो. ही माणसं कचेरीतच उभी होती. पिंपळ तिथे नव्हता, आणि मोह तर जिवाएवढा होता. संधी नव्हती म्हणून प्रामाणिक राहिले, हे स्पष्टीकरण त्यांना लागू पडत नाही.

स्लीमनचं हे प्रकरण पुढे संस्कृत पंडित मॅक्सम्युलरच्या हाती पडलं. १८८२ साली केंब्रिजमध्ये सनदी सेवेसाठी हिंदुस्थानात येऊ घातलेल्या उमेदवारांपुढे त्याने व्याख्यानं दिली. त्यांतलं एक हिंदूंच्या सत्यनिष्ठेवर होतं. त्यात गोंडांचा उल्लेख येतो. शेजारच्या सपाट मुलखातून गुरांचा कळप हाकून न्यायला ते मागेपुढे पाहणार नाहीत, पण खोटं मात्र काही केल्या बोलणार नाहीत, हे स्लीमनचं म्हणणं तो सांगतो. आणि वर जोडतो की या लोकांना खोट्याची किंमत अजून कळलेली नाही, पण असलं अजाणपणसुद्धा एखाद्या समाजाच्या शीलात जमेस धरलं पाहिजे. हेतू चांगला होता. पण ‘भोळा आदिवासी’ ही जी प्रतिमा पुढच्या शतकभरात सरकारी अहवालांत, शाळेच्या पुस्तकांत आणि व्यापाऱ्यांच्या बोलण्यात रुजली, तिचं एक मूळ इथे आहे. भोळा म्हणजे ज्याला मोह कळत नाही तो. मग त्याचा प्रामाणिकपणा हा गुण राहत नाही. वयात न आल्याची खूण ठरते. आणि अजाण माणसाच्या वतीने हिशोब ठेवण्याचं काम आपोआप जाणत्याकडे जातं.

हा जाणता कोण होता, हे बिडीच्या धंद्याने दाखवून दिलं.

तेंदूच्या पानात तंबाखू वळण्याचा धंदा मध्य हिंदुस्थानात मोठा झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १८९९च्या छप्पनिया दुष्काळाने गुजरातेतली कुटुंबं पोटामागे बाहेर पडली. त्यांतली काही या भागात रेल्वेच्या कामांच्या निमित्ताने आली, असा या धंद्याचा इतिहास सांगतात. मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल यांनी जबलपुरात बसवलेला व्यापार त्यातूनच उभा राहिला. गुजरातेत बिडी दुसऱ्या पानांची वळत. इथे तेंदूचं पान मिळालं, जे वाळल्यावर तुटत नाही, वळवलं तसं वळतं, आणि जंगलात फुकट उगवतं. रेल्वेने तंबाखू आणायची आणि बिडी न्यायची सोय झाली होतीच. गोंदिया हे या व्यापाराचं मोठं ठाणं झालं. मनोहरभाई पटेलांसारखे बिडी उद्योजक इथलेच. धंद्यातल्या पैशातून त्यांनी गोंदिया-भंडाऱ्यात शाळा-महाविद्यालयांचं जाळं उभारलं, हेही त्याच इतिहासाचं पान आहे.

पण पान तोडणाऱ्या आणि बिडी वळणाऱ्यापर्यंत हा व्यापार पोचायचा तो मधल्या माणसाच्या हातून. जंगलात फळी मुन्शी, शहरात सट्टेदार. सट्टेदार घरोघरी पान आणि तंबाखू तोलून द्यायचा आणि हजाराच्या हिशोबाने बिड्या परत घ्यायचा. घेताना मूठभर बिड्या निकृष्ट म्हणून बाजूला काढायचा. याला छाट म्हणतात. छाट केलेल्या बिडीची मजुरी मिळत नाही. बिडी मात्र बहुतेकदा परतही मिळत नाही, ती बाजारात जातेच. बिडी कामगारांच्या चळवळीत मजुरीच्या दराइतकीच छाटीविरुद्धची तक्रार जुनी आहे. १९६६च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी या कापाकापीला मर्यादा घालायचा प्रयत्न केला. मालकांनी कायद्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात तो उचलून धरला. मूठभर बिड्यांच्या प्रश्नासाठी संसद आणि सर्वोच्च न्यायालय लागावं, यावरून त्या मुठीची किंमत कळते.

जंगलातली मूठ वेगळ्या आकाराची होती. शेकडा पुडे मोजले की वर काही पुडे जादा द्यायचे, अशी रीत अनेक ठिकाणी पडून गेली होती. वाळताना पानं खराब होतात, वाहतुकीत पुडे फुटतात, म्हणून ही भर. कुणी कारण विचारलंच तर एवढंच उत्तर.

साधा हिशोब मांडून पाहावा. एका फळीवर दोनशे कुटुंबं येतात आणि प्रत्येक कुटुंब दिवसाला शंभर पुडे आणतं, असं धरू. शेकड्यामागे पाच पुडे जादा घेतले तर दिवसाला हजार पुडे होतात. म्हणजे रोज एक अख्खी प्रमाण गोणी, सत्तर हजार पानं, एका छदामाची मजुरी न देता. आता उलट बाजू. तोडणाऱ्या बाईने प्रत्येक पुड्यात पाच पानं कमी भरली, तर शंभर पुड्यांत पाचशे पानं, म्हणजे तिची दिवसाची बचत सात पुडे. सात पुड्यांच्या मजुरीत मिठाची पुडी येईल. आणि तिचा पुडा पकडला गेला तर सगळी रांग नाकारली जाण्याची धास्ती तिला आहे. पेन्सिल धरणाऱ्याला कसली धास्ती?

मोह कुणाला किती, हे या हिशोबात उघड आहे. तरी ‘पुड्यात पानं पुरी आहेत का’ हा प्रश्न फळीवर रोज विचारला गेला, आणि ‘कार्डावर आकडा पुरा आहे का’ हा विचारायला पिढ्या जाव्या लागल्या. वनखात्याच्या जुन्या अहवालांत कोणत्या वर्षी किती गोण्या निघाल्या ते सापडतं. जादा गेलेल्या पुड्यांसाठी त्यात रकाना नाही.

हे एकट्या तेंदूपुरतं नव्हतं. मध्य प्रांत सरकारने १९४० मध्ये आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन या अधिकाऱ्याला नेमलं. १९४४ साली छापलेल्या त्याच्या अहवालात जमीनदाऱ्यांतली बेगार, सावकारी, आणि खालच्या नोकरांनी केलेल्या बारीकसारीक वसुल्या यांचा पाढा आहे. ज्यांच्या खरेपणाची साहेबांना अपूर्वाई वाटायची, त्याच माणसांच्या खरेपणावर ही सगळी उतरंड उभी होती. कर्ज घेतलं आहे का, असं विचारलं तर गोंड हो म्हणणार. किती, ते सावकाराच्या वहीत.

जमीनदारी गेली ती मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने. ३१ मार्च १९५१ पासून मालकी हक्क सरकारजमा झाले आणि चिचगडचं जंगल टप्प्याटप्प्याने वनखात्याकडे आलं. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६९ साली महाराष्ट्राने वनोपज व्यापाराचं नियमन करणारा कायदा केला, आणि तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. जंगलाचे घटक पाडायचे, प्रत्येक घटकातली पानं लिलावाने ठेकेदाराला विकायची, संकलनाची मजुरी सरकारने ठरवायची. कागदावर ही मोठी सुधारणा होती. दर आता कुणाच्या मर्जीवर नव्हता. पण मोजणी? संध्याकाळी रांगांवरून काठी घेऊन फिरणारा माणूस ठेकेदाराचाच राहिला. दर पुड्यामागे काही पैसे वाढले, तरी पुडा म्हणजे किती हे ठरवणारी पेन्सिल त्याच हातात राहिली.

या पोकळीत बंदूक शिरली. १९८० मध्ये आंध्रातून नक्षलवाद्यांची पथकं गडचिरोलीत उतरली. त्यांनी गावकऱ्यांशी बोलताना क्रांतीच्या आधी तेंदूपत्त्याचा दर आणि बांबूची मजुरी हे विषय घेतले. दर वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुन्शी जपून मोजू लागले. पुढे देवरी-सालेकसा पट्ट्यातही त्यांचा वावर सुरू झाला. पण लवकरच त्याच हंगामात ठेकेदारांकडून खंडणी वसूल होऊ लागली, आणि तेंदूचा हंगाम हा चळवळीच्या तिजोरीचा हंगाम झाला. मुन्शीचा मोह भीतीने दाबला होता. ज्याची भीती होती त्याच्यावर कुणाचं नियंत्रण नव्हतं. फळीवरचा शेकडा कदाचित सरळ झाला असेल, हिशोब मात्र पुन्हा गावाच्या डोळ्यांआड गेला. आणि पोलीस व नक्षलवादी या दोघांच्या संशयात सापडून किंमत मोजली ती गावांनी.

प्रामाणिकपणा स्वभावाचा की संधीचा, हा सुरुवातीचा प्रश्न प्रयोगाने तपासायचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या संशोधकांनी १९२०च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना नकळत मोहात टाकून पाहिलं: आपलीच उत्तरपत्रिका तपासायला दिली, घरी नेऊन सोडवायची चाचणी दिली, पैसे परत ठेवायचे खेळ दिले. १९२८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्गात नक्कल करणारं मूल खेळात चोरी करेलच असं नव्हतं. एका जागी सचोटीने वागणारं मूल दुसऱ्या जागी फसवताना आढळलं. मुलं सरसकट प्रामाणिक आणि सरसकट अप्रामाणिक अशी वेगळी काढता येईनात. प्रसंग बदलला की वागणं बदलायचं. शील म्हणून काही नसतंच, असा अर्थ अनेकांनी यातून काढला. तो घाईचा होता. सगळ्या प्रसंगांची बेरीज केली की काही मुलं बाकीच्यांपेक्षा सातत्याने सरळ दिसतात, असं पुढे त्याच आकडेवारीवर काम करणाऱ्यांनी दाखवून दिलं.

कौटिल्याला हा पेच दोन हजार वर्षांपूर्वी दिसला होता. अमात्य नेमताना त्यांना धर्म, अर्थ, काम आणि भय या चार उपधांनी पारखावं, म्हणजे मुद्दाम मोहात टाकून पाहावं, असं अर्थशास्त्र सांगतं. कोण कोणत्या मोहाला पुरा पडला त्यावरून त्याला कोणतं खातं द्यायचं ते ठरवायचं. पण लगेच एक इशाराही आहे: निर्मळ माणसाला अशा परीक्षेने बिघडवू नये, कारण एकदा चळलेलं मन पुन्हा जागेवर येईलच असं नाही. आणि लक्षात ठेवायची गोष्ट ही, की कौटिल्य ही पारख रानातल्या माणसाची करायला सांगत नाही; ज्याच्या हाती कोष आणि अधिकार त्याची करायला सांगतो. सरकारी नोकर अपहार कसकसे करतात याचे चाळीस प्रकार त्याने मोजून दिले आहेत. फळीवरच्या गेल्या शतकाने नेमकी उलटी दिशा धरली होती.

महाराष्ट्रात या विषयावर बोलणं निघालं, की शनिशिंगणापूरचं नाव हटकून येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावातल्या घरांना दारं नाहीत. २०११ साली तिथे युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. स्लीमनने वाचली असती तर त्याला त्यात काटेसावरीवरचा देव दिसला असता: तेवढ्याच हद्दीत अंमल चालवणारा, म्हणून कडक. पण शिंगणापूरचं उदाहरण इथे पुरतं कामाचं नाही. तिथे संरक्षण आहे ते घरमालकाच्या मालाचं, आणि वचक आहे तो बाहेरून येणाऱ्या चोरावर. चिचगडमध्ये माल घेऊन येणारा स्वतःच्या पायांनी फळीवर येतो आणि त्याचं जे जातं ते मोजताना जातं.

बदलाची खरी सुरुवात झाली ती २००६च्या वनहक्क कायद्याने. त्याच्या व्याख्येत गौण वनोपजांमध्ये तेंदूपत्त्याचं नाव स्पष्ट लिहिलं आहे, आणि परंपरेने ते गोळा करणाऱ्यांची त्यावर मालकी मान्य केली आहे. गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीत नसल्यामुळे १९९६चा पेसा कायदा देवरी तालुक्याला लागू नाही. त्यामुळे इथल्या गावांना हा नवा कायदाच आधार. २०११च्या एप्रिलमध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं, २०१२च्या सुधारित नियमांनी असे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीचा असल्याचं स्पष्ट केलं, आणि २०१३च्या सुमारास गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्ता आपण स्वतः विकायचं ठरवलं. देवरी तालुक्यात धमदीटोला आणि आसपासच्या गावांनी एकत्र येऊन ग्रामसभांचा महासंघ बांधला. लिलाव पुकारायचा त्यांनी, करार करायचा त्यांनी, फळीवर मुन्शी बसवायचा तोही गावातलाच.

म्हणजे पेन्सिल पहिल्यांदा पानं तोडणाऱ्यांच्या घरात आली. आणि तिच्याबरोबर मोहही.

हे सोपं नव्हतं. मुन्शी गावचा झाला की त्याची काकू-मामी रांगेत उभी असतेच. तिच्या पुड्यांना काठी न लावता पुढे जाण्याचा मोह हा ठेकेदाराच्या मुन्शीला नव्हता. ठेकेदार आता समितीच्या चार माणसांशी बोलणार, आणि चौघांना वळवणं दोनशे घरांना वळवण्यापेक्षा स्वस्त. खात्यावर हंगामात एकदम लाखांनी रक्कम जमा होते, जिथे आधी ग्रामसभेचं खातंच नव्हतं. ग्रामसभांनी त्यावर काढलेले उपाय फार साधे आहेत. खात्यावर एकापेक्षा जास्त सह्या. करार ग्रामसभेत वाचून दाखवायचा. फळीवरची रोजची बेरीज त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकता येतं. आपले पुडे किती होते ते बाईला पाठ असतं, कारण ते तिने बांधलेले असतात. आकडा चुकला तर ती तिथेच बोलते, आणि ज्याला बोलते तो संध्याकाळी तिच्याच टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, राहायला जाणार असतो.

सगळीकडे सगळं सरळ चाललं, असं सांगणं खोटं ठरेल. बाजाराने या ग्रामसभांना लवकरच झटका दिला. २०१७च्या हंगामात गडचिरोलीत तेंदूचे भाव कधी नव्हे इतके चढले. त्याच वर्षी जुलैत वस्तू व सेवा कर आला, बिडीवर २८ टक्के आणि तेंदूच्या पानावर १८ टक्के, आणि पुढच्या हंगामात भाव उतरले. ठरलेली रक्कम द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात, ही तक्रार तेव्हापासून ग्रामसभांच्या बैठकांत नेहमीची झाली. पानं उचलून नेली, पैसे मात्र अडकले. पेन्सिल गावात आली तरी धनादेशाची वही गावाबाहेरच आहे. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावसारख्या ग्रामसभेने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण पानांसाठी झुडपांची छाटणी केली की झाड मोठं होत नाही, फळं धरत नाहीत, जंगलाला लागणाऱ्या वणव्यांचाही या धंद्याशी संबंध आहे. हमखास रोकड देणारा हंगाम गावाने आपण होऊन सोडला. असल्या निर्णयाला मोह कळला नाही असं म्हणता येईल का? रक्कम किती, हे त्या गावाला पुरतं माहीत होतं.

मॅक्सम्युलरच्या वाक्यातली चूक इथे दिसते. खोट्याची किंमत जंगलातल्या माणसाला ठाऊक नव्हती, हे कधीच खरं नसावं. ती किंमत शेकड्यामागे पाच पुडे इतकी अचूक, दरवर्षी, त्याच्याच डोक्यावरून वाहून नेली जात होती. तो ती मोजत होता. फक्त त्याच्या मोजणीला वहीत जागा नव्हती, आणि भांडून ती मागावी तर उद्या पुडे घ्यायला दुसरी फळी नव्हती. गप्प राहणाऱ्याला भोळा समजणं ही समोरच्याची सोय. आणि मुन्शी? त्याला जन्मजात लबाड ठरवणंही तितकंच सोपं आणि तितकंच चुकीचं. तोही बहुधा बेताच्या पगाराचा, हंगामापुरता नेमलेला, वर ठेकेदाराला गोण्यांचा आकडा भरून द्यायला बांधलेला माणूस. दोनशे अनोळखी घरं, पडताळणी नाही, जून उजाडला की गाव सोडायचं: अशा जागी स्लीमनच्या कचेरीतला साक्षीदार जे करायचा तेच तो करत होता. त्यातही काही मुन्शींनी शेकडा सरळ मोजला असणार. त्यांना कुणी बक्षीस दिलं नाही आणि त्यांची नावंही राहिली नाहीत. शील नावाची गोष्ट कुठे शोधायची असेल तर ती या माणसांत आणि पाचगावच्या त्या ठरावात शोधावी.

बिडीचा धंदा आता उताराला लागला आहे. सिगारेट, आरोग्याचे इशारे, करांचा बोजा, आणि हाताने हजार बिड्या वळायला नवी पिढी तयार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पानावरचा कर ५ टक्क्यांवर आला आणि बिडीवरचा १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं, त्याने काही हंगाम सावरतील. देवरी तालुक्यातल्या ग्रामसभांपुढे त्याहून जवळचं काम पडलेलं आहे. गेल्या दहा-बारा हंगामांच्या फळी-वह्या, ठराव आणि करारनामे कुणाच्या पेटीत, कुणाच्या माळ्यावर विखुरलेले आहेत. काहींना वाळवी लागली असेल. या टापूतल्या व्यवहाराचे, पानं तोडणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले हे पहिले हिशोब. जमीनदाराचं दप्तर सरकारने जपलं, ठेकेदाराच्या गोण्यांचा आकडा वनखात्याने जपला. या वह्या जपायला महासंघाने एक कपाट आणि एक माणूस नेमावा, गोंदियाच्या एखाद्या महाविद्यालयाने त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, इतकं तरी येत्या हंगामाच्या आत व्हायला हवं.